रेघेवर आणून ठेवलेला काटा

हॉपकिनांच्या भिंतीला बुरशी का धरली, याचं कारण घरमालक संस्थेनं लेखी दिलं होतं: ‘स्वयंपाकाची वाफ, घरात वाळत घातलेले कपडे व रहिवाशांच्या राहण्याच्या सवयी.’ खाली सही, तारीख, शिक्का. आणि कागद हातात देताना संस्थेचा तपासनीस हेडन प्रॉसर शेगडीवरच्या पातेल्याकडे बघून म्हणाला होता, “बटाटे झाकण ठेवून उकडत जा, मावशी.”

ही मावशी, आयर्लिस हॉपकिन, चौतीस वर्षं आमच्या शाळेत स्वयंपाक करत होती. रोज तीनशे पोरांचे बटाटे. त्या तीनशेत मी होते, माझ्यानंतर आठ वर्षांनी हेडनही होता. आयर्लिस मावशीला झाकण कसं ठेवायचं ते हेडननं शिकवलं. हे मी आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी चिडून काही लिहिलं तर माझा स्वभाव असा आहे असं कुणी म्हणू नये. स्वभाव आहेच, पण कारणही आहे.

मी नेरिस. साऊथ वेल्सच्या या खोऱ्यात सव्वीस वर्षं बॉयलर आणि रेडिएटरची कामं करते, त्यातली नऊ वर्षं फक्त गळती शोधते. दिसणारी गळती कुणालाही सापडते, खाली बादली ठेवली की झालं. मला बोलावतात ते न दिसणाऱ्या गळतीसाठी, फरशीखालच्या, भिंतीतल्या. आमच्याकडे घर गरम ठेवायचं म्हणजे बॉयलरनं पाणी तापवायचं, ते नळ्यांमधून खोलीखोलीतल्या रेडिएटरमध्ये फिरून परत यायचं, पुन्हा तापायचं. तेच पाणी, वर्षानुवर्षं. बॉयलरवर एक लहान काटा असतो. तो एक आणि दोनच्या मध्ये, दीडवर असला की सगळं ठीक. उतरला की समजायचं, पाणी कुठेतरी चाललंय.

एवढं साधं आहे. तरी त्या घरात माझी दोन दिवस फसगत झाली, तीही सांगते. दुसऱ्याला झोडायचं आणि स्वतःचं झाकायचं हे मला जमत नाही.

मार्चमधला मंगळवार होता. संस्थेची आमच्या खोऱ्यात हजारभर भाड्याची घरं आहेत, आणि गळतीची कामं ती माझ्यासारख्या बाहेरच्यांना देते. कामाच्या कागदावर लिहिलं होतं: ‘बैठकीच्या खोलीची भिंत ओली. बॉयलरचं प्रेशर तीनही तपासण्यांत व्यवस्थित. गळती नसल्याची खात्री करून सही करावी.’ म्हणजे उत्तर आधी लिहून झालं होतं, मी फक्त सही करायची.

मावशीनं दार उघडलं तेव्हा अंगावर कोट होता. “बाहेर निघालात का?” मी विचारलं.

“नाही गं. घरातच आहे. ये.”

आत सगळ्या खिडक्या सताड उघड्या. डोंगराकडून येणारं वारं पडद्यातून थेट आत. मला वाटलं ब्लीचचा वास घालवायला उघडल्या असतील, कारण वास होताच, भिंत नुकतीच पुसलेली होती. खालची पट्टी काळपट, तिच्यावर प्लास्टर फुगलेलं, आणि त्या सगळ्याला घासून घासून पांढुरकी झाक आलेली.

“कशाला पुसलंत? मला बघायचीच होती ना ती.”

“लोक येणार म्हटल्यावर असं ठेवायचं का घर?” मावशी म्हणाली. मग मला चहा दिला, बशीत वेल्श केक दिले, आणि स्वतः कोट न काढता समोर बसली.

तिनं सगळं सांगितलं ते तक्रार म्हणून नाही, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं. दीड वर्षापूर्वी भिंत ओली दिसायला लागली. एमलिननं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, संस्थेला कळवलं. हेडन आला, भिंतीला ओल मोजायचं यंत्र लावलं, ‘ओल आणि तुम्ही’ नावाचं एक चोपडं देऊन गेला. त्यात पानभर आज्ञा होत्या. कपडे आत वाळवू नका. आंघोळ झाली की दार बंद ठेवा. सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास खिडक्या उघडा. एमलिन आयुष्यभर बस चालवलेला माणूस, पाटीवर लिहिलंय ते करायचं ही त्याची सवय. त्यानं सगळं केलं. ओल कमी होईना, तेव्हा त्याला वाटलं अर्धा तास पुरत नसेल. मग एक तास. मग दोन. जानेवारीत, बाहेर बर्फ असताना, हा शहात्तर वर्षांचा माणूस उघड्या खिडकीखाली ओव्हरकोट घालून बसायचा, आणि संस्थेनं सांगितलेलं आपण नीट करत नाही म्हणून घर ओलं आहे असं समजायचा.

फेब्रुवारीत त्याला न्यूमोनिया झाला.

“आता बरा आहे,” मावशी म्हणाली. “घरी पाठवायला तयार आहेत. पण शुक्रवारी हॉस्पिटलची नर्स घर बघायला येणार आहे. घर ओलं असेल तर इथे नाही पाठवणार. डोंगरापलीकडे म्हाताऱ्यांचं घर आहे ना, तिथे ठेवतील.”

“किती दिवस?”

“तिथून कुणी परत आल्याचं तू ऐकलंयस?” तिनं बशी माझ्याकडे सरकवली. “दोन बस बदलून जावं लागतं. रविवारी बसच नाही. घे अजून एक.”

मी केक खाल्ला. तिनं केलेला होता.

बॉयलर स्वयंपाकघरात, कपाटात होता. काटा दीडवर. मी विचारलं, “हा खाली उतरतो का कधी?”

“नाही पोरी. रोज दीडवर असतो.”

आता ऐका. गळती शोधणारीनं अशा वेळी काय करावं? बॉयलरखाली एक विणलेली नळी असते, तिच्या दोन टोकांना दोन काळ्या मुठी. त्या उघडल्या की नळाचं पाणी आत भरतं. ती नळी काम झालं की काढून ठेवायची असते. आमच्या देशात एकाही घरात कुणी ती काढत नाही. मी ती काढून खिशात टाकायला हवी होती. मी नाही टाकली. तीन तपासण्यांत प्रेशर व्यवस्थित असं कागदावर होतं, आणि मी कागदावर विश्वास ठेवला. काट्यासमोर काचेवर काळ्या पेननं रेघ मारली, म्हटलं, उद्या येऊन बघते.

बुधवारी आले. काटा बरोबर रेघेवर. केसभरही इकडे तिकडे नाही.

मग मी बाहेरून भिंत बघितली, पन्हळ बघितली, छपरावर चढले. कोरडं. मला वाईट वाटायला लागलं, आणि खोटं कशाला सांगू, क्षणभर मला बटाट्यांचाच संशय आला. खिशातून सहीचा कागद काढला. मावशी माझ्या पेनाकडे बघत होती. एवढंच म्हणाली, “वरच्या खोलीतला रेडिएटर गुळगुळ करतो. जाता जाता बघशील का?”

त्यानं गुळगुळ केलं नसतं तर मी सही केली असती. या गोष्टीसाठी मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

रेडिएटरमध्ये हवा अडकली की वरचा स्क्रू किल्लीनं सैल करून ती काढतात. हवा फुसफुसून संपते, मग पाणी येतं. मी खाली कप धरला. हवा गेली, पाणी आलं, मी कप उजेडात धरला आणि पायरीवर बसले.

पाणी स्वच्छ होतं. पिण्याइतकं.

वीस वर्षं लोखंडातून फिरलेलं पाणी काळं असतं. शाईसारखं, घाण वासाचं. नवं असलं तरी त्यात गंज धरू नये म्हणून घातलेलं औषध असतं, त्याचा रंग असतो. या रेडिएटरमध्ये मात्र नळाचं ताजं पाणी होतं. म्हणजे जुनं सगळं कधीच निघून गेलं होतं आणि नवं सतत आत येत होतं. आणि ते आपोआप येत नाही.

मी कप घेऊन खाली आले. “मावशी, त्या काळ्या मुठींना कोण हात लावतं?”

“मीच,” ती म्हणाली. “सकाळी उठल्यावर. चहा ठेवायच्या आधी. मग जाता-येता थोडं थोडं.”

“रोज?”

“रोजच की. आधी एमलिन करायचा. हॉस्पिटलात जाताना मला लिहून देऊन गेलाय.” तिनं कपाटाचं दार उघडून दाखवलं. आतल्या बाजूला पेन्सिलनं, बसच्या वेळापत्रकासारखी यादी. पक्ष्याला दाणे. घड्याळाला किल्ली. कचऱ्याचा डबा बुधवारी बाहेर. चौथं: ‘बॉयलर. दोन्ही मुठी आडव्या, काटा दीडला आला की उभ्या.’

“पण काल मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात उतरत नाही.”

“दीडवरच असतो ना रोज. मी ठेवते ना.” तिचा चेहरा बावरला. “आणि तू रेघ मारून गेलीस. आज तुझी गाडी दिसल्यावर मी चष्मा लावून बरोबर रेघेवर आणून ठेवला. तू येणार होतीस म्हणून.”

मला ओरडावंसं वाटलं. तिच्यावर नाही. ज्या बाईनं तपासणीला येणाऱ्या प्रत्येकासाठी भिंत घासली, गालिचा झटकला, आणि तशाच नीटनेटकेपणानं बॉयलरचा काटाही जागच्या जागी आणून ठेवला, तिच्यावर कसली ओरडू? आणि तीन वेळा येऊन तीन वेळा ‘प्रेशर व्यवस्थित’ लिहिणाऱ्या त्या शहाण्यानं तिला एकदाही विचारलं नाही, तुम्ही सकाळी उठून काय काय करता. सवयींबद्दल लेखी मत दिलं, पण सवयी विचारल्या नाहीत.

“माझ्यामुळे झालं का?” मावशीनं विचारलं.

“नाही.”

“खरं सांग.”

“तुमच्यामुळे घर गरम राहिलं. तुमच्यामुळे कुणाला कळलं नाही, हेही खरं. पण पाइप तुम्ही फोडलेला नाही.”

मी काटा दीडवर आणून ती नळी काढली आणि यावेळी खिशात टाकली. आम्ही काट्यासमोर खुर्च्या टाकून बसलो. मावशी विणत होती. चाळीस मिनिटांत काटा दीडवरून एकच्या खाली आला. तिनं सुया मांडीवर ठेवल्या. “हा एवढा जातो?” ती म्हणाली. “आणि मी रोज पाजतेय त्याला.”

आता पाणी कुठून जातंय ते शोधायचं होतं. ही घरं सत्तरच्या दशकात बांधली, तेव्हा तांब्याच्या नळ्या सरळ सिमेंटच्या जमिनीत पुरून टाकल्या, वर कसलंही वेष्टण नाही. सिमेंट तांब्याला खातं. पन्नास वर्षं लागतात, पण खातं. हे संस्थेला माहीत आहे. कारण याच रांगेतल्या चौदा घरांच्या नळ्या मी स्वतः जमिनीतून उचलून भिंतीवरून फिरवल्या आहेत, पाच वर्षांपूर्वी, संस्थेच्याच सांगण्यावरून. मग काम थांबवलं. पंधरावं घर हॉपकिनांचं.

उष्णता दाखवणारा कॅमेरा मी जमिनीवरून फिरवला, पण सगळी जमीन सारखीच कोमट दिसत होती, इतकं पाणी मुरलं होतं. मग गॅस. नळ्यांमधलं पाणी काढून टाकायचं, त्यात हायड्रोजनचा अंश असलेला निरुपद्रवी गॅस भरायचा. तो सगळ्यात हलका, जिथे भोक असेल तिथून सिमेंटमधूनही वर येतो. गालिचा उचलला. खालचं अस्तर ओल्या पावासारखं हातात आलं. मी गुडघ्यावर बसून हुंगणारं यंत्र जमिनीवरून वीतवीत सरकवत होते आणि मावशी माझ्यामागे गुडघ्यावर, तिला राहवत नव्हतं म्हणून. एमलिनच्या खुर्चीच्या जागी, भिंतीपासून हातभर अंतरावर, यंत्र ओरडायला लागलं.

“इथे बसायचा तो,” मावशी म्हणाली.

मी हेडनला फोन केला. नियम असा आहे की जमीन संस्थेची, फोडायची तर परवानगी लागते.

“नेरिस, तुला भिंत बघायला पाठवलंय,” तो म्हणाला. “जमिनीचं काय मध्येच?”

“जमिनीत पाइप फुटलाय.”

“अर्ज कर. अठ्ठावीस दिवसांत उत्तर येईल.”

“शुक्रवारी नर्स येतेय.”

“मी पण येतोय शुक्रवारी, त्याच वेळी. आमचा अहवाल द्यायला. तू सही करून टाक, ‘संभाव्य गळती, पुढील तपास आवश्यक’ असं लिही. मी ‘सवयी’ तसंच ठेवतो, दोन्ही कारणं असू शकतात.”

“आणि एमलिन?”

“त्यांची सोय होतेय ना तिकडे. चांगली जागा आहे, नेरिस. बाग आहे.”

मी फोन मावशीकडे दिला, कारण माझ्या तोंडून जे निघणार होतं ते तिच्या घरात बोलण्यासारखं नव्हतं.

मावशीनं ऐकून घेतलं. “बाळा,” ती म्हणाली, “तुला वाटाणे आवडायचे नाहीत. तू ते खिशात भरायचास आणि बाहेर जाऊन टाकायचास. मला माहीत होतं, मी कधी तुझ्या आईला सांगितलं नाही.” मग तिनं फोन मला परत दिला. “फोड तू.”

“तुमचं नाव येईल कागदावर.”

“आलंय की आधीच.”

गुरुवारी मी जमीन फोडली. सकाळी आठला सुरुवात केली, दहाला पाइप दिसला. हिरव्या पापुद्र्यानं माखलेला, आणि त्यात सुईच्या टोकाएवढं भोक. बस, एवढंच. त्यातून इतके दिवस उडालेली धार केसासारखी बारीक असणार, तीच भिंतीखाली जाऊन प्लास्टरमधून वर चढत होती. मी तो तुकडा कापून काढला. जमिनीतल्या नळ्यांवर आता विश्वास ठेवायचा नाही म्हणून नवी नळी भिंतीच्या पायथ्याशी फिरवली, जोडली, पाणी भरलं, औषध घातलं. काटा दीडवर लावून भरायची नळी पुन्हा खिशात.

शुक्रवारी सकाळी अकराला नर्स आली. शोनेद नावाची, पंचेचाळिशीची, पायात मजबूत बूट. पाच मिनिटांनी हेडन आला, हातात टॅब्लेट. खोलीत मधोमध खड्डा, एका बाजूला सिमेंटचा ढीग, गालिचा गुंडाळून उभा. मावशीला ते आवरायचं होतं, मी आवरू दिलं नव्हतं.

“हे कुणाच्या परवानगीनं?” हेडन म्हणाला.

मी त्याला पाइपचा तुकडा दिला. “स्वतःच्या डोळ्यानं बघ. उजेडात धरलास तर आरपार दिसेल.”

त्यानं धरून बघितलं. तो काही मूर्ख नाही. मूर्ख असता तर मला एवढा राग आला नसता. “ठीक आहे,” तो म्हणाला. “पण आमच्या तीन तपासण्यांत प्रेशर दीड होतं. फोटो आहेत.”

“ते मी करून ठेवायचे,” मावशी म्हणाली. कुणी विचारायच्या आत. “रोज एमलिन भरायचा, पण तू येणार कळलं की मी आधी बघून ठेवायचे.”

हेडन टॅब्लेटवर लिहायला लागला. मी वाकून बघितलं. ‘रहिवाशाने बॉयलरच्या झडपा परस्पर हाताळल्या. तपासणीवेळी दोष लपवला गेला.’

“हे काय आहे?”

“त्या स्वतः म्हणाल्या ना आत्ता.”

“पूस ते.”

“नेरिस, मला खरं ते लिहावं लागतं.”

मावशी खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. चौतीस वर्षं एकाही पोराला करपलेलं वाढलं नाही अशी बाई, आणि तिच्या नावापुढे ‘लपवला’ असा शब्द. शोनेद आपल्या वहीत काहीतरी टिपत होती. मला दिसत होतं की ओली भिंत, फुटलेली जमीन, घरातली माणसं बेभरवशाची, असं काहीतरी तिथे जमत चाललंय आणि त्याचा शेवट डोंगरापलीकडच्या बागेत आहे.

तेव्हा मी कपाटाचं दार पुन्हा उघडलं. यादी सगळी वाचलीच नव्हती, चौथ्यावरच थांबले होते. पाचवं होतं: ‘काटा उतरला तर संस्थेला फोन करू नये. ते हेच करायला सांगतात.’

“हेडन,” मी म्हटलं, “या घरातून आलेले फोन काढ. तुमच्याकडे प्रत्येक फोनची नोंद असते.”

“त्याचा इथे काय संबंध?”

“काढा ना,” शोनेद म्हणाली. ती पहिल्यांदाच बोलली. “मला माझ्या कागदात कारण लिहायचंय. दोन वेगळी कारणं मी लिहू शकत नाही.”

हेडननं काढलं. बोट सरकवत गेला, सरकवत गेला, मग थांबला.

“वाच,” मी म्हटलं.

“सहा वर्षांपूर्वीपासून आहे.”

“वाच.”

“ ‘रहिवाशाचा फोन. प्रेशर उतरते. पाणी कसे भरावे ते फोनवर समजावले. काम पूर्ण.’ ” त्यानं घसा खाकरला. “ ‘प्रेशर पुन्हा उतरले. पाणी भरण्यास सांगितले. काम पूर्ण.’ पुढच्या महिन्यात... तेच. काम पूर्ण. मग आठवड्यानं. काम पूर्ण.”

“किती आहेत?”

त्यानं मोजले. “एकवीस.”

“एकविसाव्यात काय आहे?”

शोनेदनं टॅब्लेट हेडनच्या हातातून घेतला आणि तिनंच वाचलं. “ ‘रहिवासी वारंवार फोन करतात. किरकोळ बाबीसाठी फोन न करण्याची सूचना दिली. काम पूर्ण.’ ”

मला वाटतं तेव्हा माझा राग इतका मोठा झाला की त्याला आवाजच उरला नाही. एकवीस वेळा या माणसानं सांगितलं, माझ्या घरातून पाणी जातंय. एकवीस वेळा त्याला सांगितलं, परत भर. बाविसाव्यांदा फोन न करता तो निमूटपणे भरायला लागला, तर त्याच्या बायकोनं दोष लपवला म्हणे. आणि ओल आली तेव्हा त्याच संस्थेनं, त्याच इमारतीतून, फक्त दुसऱ्या टेबलावरून, त्याला खिडक्या उघडायला सांगितल्या. दोन्ही टेबलांमध्ये दहा पावलांचं अंतर असेल.

शोनेदनं टॅब्लेट हेडनसमोर धरला. “लिहा,” ती म्हणाली. “कारण एकच. जमिनीखालची गळती, मालकाकडे सहा वर्षं नोंद असलेली. ते लिहिलंत की घर कोरडं होईपर्यंत दुसरं कोरडं घर द्यायची जबाबदारी तुमची होते. रिकामं आहे का इथे कुठलं?”

“मागच्या रस्त्यावर एक आहे,” हेडन हळू म्हणाला. “तळमजला. पण ते दुसऱ्या यादीतल्या...”

“सोमवारपासून?”

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी काय मदत करणार होते? मी माझा कागद काढला, त्यावर तेच कारण लिहिलं, सही केली, त्याच्यासमोर ठेवला. शेवटी त्यानं आधीचं पुसलं. बोटं जड झाल्यासारखा एकेक अक्षर दाबत होता. लिहून झाल्यावर मावशीकडे वळला.

“झालेल्या गैरसोयीबद्दल संस्था दिलगीर आहे, मावशी.”

मावशीनं कोटाची बटणं लावली. “मला नको सांगूस. गाडी आहे ना तुझी बाहेर?”

“मला साडेबाराला दुसऱ्या घरी जायचंय.”

“आधी हे घर संपव.”

तिच्या आवाजात रागबिग काही नव्हतं. जेवणाच्या रांगेत मध्ये घुसणाऱ्या पोराला मागे उभं करताना असायचा, तोच आवाज. हेडन गाडीकडे गेला. मी मागच्या सीटवर बसले, मला कुणी बोलावलं नव्हतं तरी.

वॉर्डात एमलिन उशीला टेकून बसला होता. गालफडं बसलेली, पण दाढी केलेली. हेडनला बघून त्यानं आधी अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

“मी खिडक्या उघडत होतो,” तो म्हणाला. “सांगितलं होतंत तेवढा वेळ. जास्तच.”

हेडननं टॅब्लेट छातीशी धरला. “मिस्टर हॉपकिन, तपासाअंती असं निष्पन्न झालंय की आपल्या निवासातील दमटपणाचं...”

“माणसासारखं बोल,” मावशी म्हणाली.

तो थांबला. त्याचे कान लाल झाले होते. “जमिनीखाली पाइप फुटला होता. तुम्ही फोन करत होता तेव्हापासूनच. आम्ही आलो नाही. तुमच्या राहण्यात काही चूक नव्हती.”

एमलिननं बायकोकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान डोलावली. मग तो बाजूच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याकडे अंगठा करून म्हणाला, “हा विल्फ. पाच आठवडे मी याला सांगतोय की आम्ही घर नीट ठेवलं नाही म्हणून मला परत पाठवत नाहीत. याला ऐकायला कमी येतं. त्याला पण सांग. मोठ्यानं.”

हेडननं सांगितलं. पहिल्यांदा विल्फला ऐकू गेलं नाही, तेव्हा आणखी मोठ्यानं सांगितलं. समोरच्या पलंगावरच्यांनी वर्तमानपत्रं खाली केली.

“कोणाचा पाइप?” विल्फनं विचारलं.

“आमचा,” हेडन म्हणाला. “संस्थेचा.”

“मग याला कशाला डांबलंय इथे?”

हेडननं टॅब्लेट पाठीमागे नेला. एमलिननं तेवढं बघून घेतलं. मला समाधान वाटलं का म्हणाल, तर नाही. त्या रांगेत अजून सव्वीस घरं आहेत, सगळ्यांच्या जमिनीत त्याच नळ्या, आणि सगळीकडे कुणीतरी सकाळी उठून त्या दोन मुठी फिरवत असणार.

“सोमवारी ना?” एमलिननं विचारलं.

“सोमवारी,” हेडन म्हणाला. “मागच्या रस्त्यावर तात्पुरतं. किल्ली मी...”

“तू गाडी घेऊन ये,” एमलिन म्हणाला. “नऊला. मी बूट घालून बसलेला असेन.”